थाळीचं माहेर कुठलं?

एक उथळ थाळी आहे. तोंड पंचवीस-तीस सेंटीमीटर रुंद, काठ आत वळलेला आणि टोकाशी चोचीसारखा निमुळता, अंग पातळ, रंग राखाडी किंवा काळा, वर मंद तकाकी. तुकड्यावर टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. माती इतकी बारीक, की भिंगाखाली धरूनही तिच्यात वाळूचा कण सापडायला कष्ट पडतात. थाळीच्या आत, तळाच्या मध्याभोवती, वर्तुळाकार पट्टे आहेत. बारीक टिकल्या, त्रिकोण, शंकरपाळी आकाराच्या खुणा यांच्या रांगांनी ते बनले आहेत. भांडं चाकावर फिरत असताना अर्धवट सुकलेल्या मातीवर दातेरी चकती किंवा थरथरणारं लवचीक पातं टेकवलं, की अशी नक्षी उमटते. पुरातत्त्वज्ञ या भांड्यांना ‘रूलेटेड वेअर’ म्हणतात. आपण त्यांना चक्रांकित थाळ्या म्हणू.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत या थाळ्यांची खापरं किती दूरवर सापडावीत! बंगालमध्ये तामलुक आणि चंद्रकेतुगड, ओडिशात शिशुपालगड, आंध्रात अमरावती, पुदुच्चेरीजवळ अरिकामेडू, श्रीलंकेत अनुराधपुर, इंडोनेशियात बाली बेटावरचं सेंबिरन, आणि पश्चिमेला थेट इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर. आपल्याकडे प्रवरेकाठच्या नेवाशातही त्यांचे तुकडे निघाले. एवढा प्रवास करणारी ही थाळी बनली कुठे, हा प्रश्न पुरातत्त्वात पन्नासाहून अधिक वर्षं गाजला. त्याचं पहिलं उत्तर चुकलं. ते का चुकलं आणि कसं सुधारलं, हे पाहिलं की प्राचीन मृद्भांड्यांचा वैज्ञानिक अभ्यास म्हणजे काय, ते आपोआप कळतं.

मॉर्टिमर व्हीलर १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्या काळी दक्षिण भारतातल्या उत्खननांना एक मोठी अडचण भेडसावत होती. थर सापडत, भांडी सापडत, पण त्यांना काळ कुठला द्यायचा हे कळत नसे. कार्बन-१४ ची पद्धत अजून यायची होती. ज्याचा काळ इतरत्र पक्का ठरलेला आहे, अशी एखादी वस्तू दक्षिणेतल्या थरात मिळाली तरच गाठ सुटणार होती. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात व्हीलरना रोमन मद्याच्या रांजणाचा एक तुकडा दिसला. तो आला होता अरिकामेडूहून. तेव्हा पुदुच्चेरी फ्रेंचांच्या ताब्यात होती. १९४५ मध्ये व्हीलरनी तिथे खणलं आणि त्यांना हवं ते मिळालं: इटलीतल्या अरेत्सो गावच्या लाल तकाकीच्या भांड्यांचे तुकडे. ही भांडी इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे बनत होती, हे युरोपात पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्यासोबत सापडलेल्या प्रत्येक वस्तूला एकदम काळ मिळाला.

त्या वस्तूंत चक्रांकित थाळ्याही होत्या. दातेरी चकतीची नक्षी भारतीय कुंभारकामात व्हीलरना ओळखीची वाटली नाही. भूमध्य समुद्राकाठच्या भांड्यांवर मात्र ती सर्रास होती. त्यांनी निष्कर्ष काढला, की ही कला तिकडून आली, काही थाळ्या जहाजातून आल्या आणि बाकीच्या इथल्या कुंभारांनी त्यांच्यावरून केल्या. १९४६ च्या ‘एन्शन्ट इंडिया’मध्ये हे सगळं छापून आलं. पुढे कित्येक वर्षं दक्षिणेत कुठेही चक्रांकित खापर सापडलं, की त्या थराला रोमन संपर्काचा, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा शिक्का बसू लागला.

व्हीलर मोठे पुरातत्त्वज्ञ होते. थरांची शिस्त त्यांनी इथल्या एका पूर्ण पिढीला शिकवली. तरीही या बाबतीत त्यांनी फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवला. नक्षीची आणि आकाराची नक्कल करता येते. हुशार कुंभाराला एक नमुना दाखवला, तर चार दिवसांत तो तसलं भांडं उतरवून देईल. त्यामुळे आकारावरून आवड कळते, संपर्क कळतो, पण भांडं कुठल्या गावचं हे सांगायला तो पुरत नाही. शिवाय थाळी रोमन जगात बनत असती, तर तिकडच्या उकिरड्यांत तिच्या खापरांचा खच पडला असता. तसा खच तिकडे नाही. तो आहे भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत.

काळाचा शिक्का आधी उखडला. १९८३ साली विमला बेग्ली यांनी अरिकामेडूचे थर आणि भांडी पुन्हा तपासली आणि रोमन माल येण्याच्या कितीतरी आधी, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातच, तिथे वस्ती आणि चक्रांकित थाळ्या होत्या असं दाखवलं. अनुराधपुरच्या नव्या उत्खननात कार्बन-१४ च्या तारखांनीही थाळीचा काळ इसवी सनापूर्वी ढकलला. रोमन जहाजं येण्याआधीच थाळी इथे वापरात होती, तर ती रोमन व्यापाराची देणगी कशी ठरेल? आता प्रश्न उरला गावाचा. त्याला उत्तर द्यायला आकार असमर्थ होता, म्हणून पुरातत्त्वज्ञ मातीकडे वळले.

माती कुठून येते? खडकातून. खडक ऊन-पावसाने झिजतो, नदी तो चुरा वाहून नेते आणि पुरात काठावर टाकते. म्हणून गाळात त्या नदीच्या खोऱ्यातल्या खडकांचा हिशेब असतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला लांब जावं लागत नाही. आपला दख्खन सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा बनलेला आहे; आजही हा खडक जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. बेसाल्टमध्ये पायरॉक्सीन आणि प्लेजिओक्लेज ही खनिजं असतात, लोह आणि टायटॅनियम भरपूर असतं. तो झिजला की स्मेक्टाइट नावाचं चिकणखनिज तयार होतं. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी आपली काळी जमीन याच खनिजामुळे तशी वागते. गोदावरी हा गाळ थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत नेते. राजमहेंद्रीच्या खालच्या त्रिभुज प्रदेशातही दख्खनच्या बेसाल्टची खूण सापडते. गंगेचं खोरं अगदी वेगळं. तिच्या गाळात हिमालयातल्या खडकांचा अभ्रक असतो, क्वार्ट्‌झ असतं, इलाइट नावाचं चिकणखनिज असतं. कावेरी वाहते ती फार जुन्या नाइस आणि चार्नोकाइट खडकांवरून. तिची माती या दोघींहून निराळी.

आता कुंभार. माती जड असते आणि रोज लागते. डीन अर्नोल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या कुंभारवस्त्यांची माहिती गोळा केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी कुंभार सात किलोमीटरच्या आतूनच माती आणतात असं दिसलं. अनेक जण तर एका किलोमीटरच्या आतून. या साध्या माहितीवर पुढचं सगळं शास्त्र उभं आहे. भांडं जहाजाने हजार कोस जाईल, पण त्यातली माती कुंभाराच्या घराजवळची असते. म्हणून खापरातली माती ओळखली, की भांड्याचं माहेर सापडतं.

ओळखायची पहिली रीत भूशास्त्रज्ञांकडून आली. खापराची पातळ चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासायची. एवढ्या जाडीला खनिजं पारदर्शक होतात. मग ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली चकती फिरवली, की प्रत्येक खनिज आपापल्या रंगाने आणि आकाराने ओळखू येतं. ही रीत मृद्भांड्यांना मोठ्या प्रमाणावर लावली अमेरिकेच्या ॲना शेपर्ड यांनी. न्यू मेक्सिकोतल्या पेकोस या उजाड गावातली भांडी तिथल्याच बायकांनी केली, असा तेव्हाच्या जाणकारांचा पक्का समज होता. प्रत्येक वस्ती आपली भांडी आपणच घडवते असं ते धरून चालत. शेपर्डनी १९३६ साली दाखवलं, की त्यांतल्या बऱ्याच भांड्यांत मिसळलेल्या खडकाचा चुरा पेकोसजवळचा नाही, तो दुसऱ्या भागातला आहे. म्हणजे भांडीसुद्धा विकली-विकत घेतली जात होती. एका बाईने सूक्ष्मदर्शकावर बसून काढलेला हा निष्कर्ष त्या काळच्या बड्या मंडळींना पचायला वेळ लागला. आज मात्र मृद्भांडी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी त्यांचं १९५६ चं पुस्तक वाचतो.

या रीतीने आपल्या किनाऱ्याचा इतिहासही दुरुस्त केला. रोमन रांजणांना अँफोरा म्हणतात. दोन कान, लांब मान, टोकदार बूड. त्यांतून मद्य, ऑलिव्हचं तेल, माशांची आंबवलेली चटणी जहाजातून यायची. इटलीत नेपल्सच्या आखाताभोवतीच्या कॅम्पेनिया भागात व्हेसुव्हियसची ज्वालामुखी वाळू आहे. तिथल्या रांजणांत काळ्या चकचकीत पायरॉक्सीनचे कण इतके असतात की अभ्यासक त्या मातीला ‘काळ्या वाळूची माती’ म्हणूनच ओळखतात. भारतात सापडलेल्या तुकड्यांतही ती ओळखता आली. नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं होतं. तिथल्या रांजणांच्या तुकड्यांवरचा अभ्यास २००१ साली सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी प्रसिद्ध केला. समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत, घाट चढून, भूमध्य समुद्राकडचं मद्य पोचत होतं!

पण अँफोरा म्हणून नोंदलेली सगळीच खापरं रोमन नव्हती. पश्चिम भारतातल्या अनेक ठिकाणांच्या तुकड्यांची रॉबर्टा टोम्बर यांनी नव्याने पाहणी केली. २००७ साली त्यांनी मांडलं, की यांतले पुष्कळसे मेसोपोटेमियाकडचे, म्हणजे आजच्या इराक-इराणच्या बाजूचे रांजण आहेत. त्यांना ‘टॉर्पेडो’ रांजण म्हणतात. त्यांना कान नसतात, मान नसते, आणि आतून काळं लेपण असतं. ते डांबर आहे. मुंबईसमोरच्या घारापुरीत अशा रांजणांचे तुकडे भरपूर मिळाले आहेत. यातला काही माल रोमन व्यापार ओसरल्यावरच्या शतकांतला आहे. रोमन जहाजं बंद झाली आणि कोकणची बंदरं ओस पडली, हे चित्र त्यामुळे बदललं. खापरांचं माहेर बदलताच व्यापाराचा काळ आणि व्यापारीही बदलले. डांबराचीही आता रासायनिक ओळख पटवता येते, कारण प्रत्येक डांबरझऱ्यातल्या कार्बनी रेणूंचं प्रमाण वेगळं असतं. थायलंडमध्ये फनोम सुरिन इथे आठव्या शतकाच्या सुमाराचं बुडालेलं जहाज सापडलं. त्यातल्या टॉर्पेडो रांजणांच्या डांबराचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच जहाजात अरबी समुद्रापलीकडचं डांबर आणि थायलंडचा चिखल एकत्र आले होते.

रांजण जाडाभरडा असतो, म्हणून त्यातले कण सूक्ष्मदर्शकाला बोलतात. चक्रांकित थाळी मात्र गप्प राहते. तिच्या कुंभाराने माती पाण्यात कालवून, जड कण तळाशी बसू देऊन, वरची निवळ घेतली होती. काचेवरच्या चकतीत बारीक क्वार्ट्‌झ आणि अभ्रकाच्या पापुद्र्यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. इथे कणांऐवजी अणू मोजावे लागतात.

अणू मोजायची पद्धत अनपेक्षित जागेतून आली. अणुबाँबच्या प्रकल्पाचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांनी युद्धानंतर अणुभट्ट्यांचा उपयोग पुरातत्त्वासाठी होईल का, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे ठेवला. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत एडवर्ड सेयर आणि रिचर्ड डॉडसन यांनी भूमध्य समुद्राकडची खापरं अणुभट्टीत ठेवून पाहिली आणि १९५७ साली निष्कर्ष छापले. खापराची चिमूटभर भुकटी न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवली, की काही अणू किरणोत्सारी होतात आणि ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. ते मोजले, की तीसेक मूलद्रव्यं किती आहेत हे कळतं. काही तर दहा लाखांत एक भाग एवढ्या सूक्ष्म प्रमाणातही. क्रोमियम, कोबाल्ट, स्कँडियम, थोरियम, हाफ्नियम, सिझियम अशी ही नावं. कुंभाराला त्यांची कल्पनाही नसते, म्हणून तो त्यांत मुद्दाम फेरफारही करू शकत नाही. बर्कलीत फ्रँक असारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खापरांसाठीच हे मोजमाप अतिशय अचूक केलं. पुढे असारो आणि हेलन मिशेल यांनी याच कौशल्याने एका चिकणमातीच्या थरातलं इरिडियम मोजलं आणि १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ यांच्यासह डायनोसॉरांच्या अंतामागे अशनी आहे ही कल्पना मांडली. खापरं मोजणाऱ्या हातांनी ते काम केलं, याचा मला आनंद वाटतो. खापरांच्या अभ्यासाला दुय्यम समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चक्रांकित थाळीवर या पद्धती लागल्या त्या बालीच्या निमित्ताने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इ वायन आर्दिका यांनी सेंबिरनला उत्खनन केलं. तिथली थाळीची खापरं ऑस्ट्रेलियात तपासली गेली. आर्दिका, पीटर बेलवूड आणि सहकाऱ्यांनी सेंबिरन, अरिकामेडू आणि अनुराधपुर इथली खापरं ताडून पाहिली आणि १९९३ साली पुण्याहून निघणाऱ्या ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’मध्ये प्रश्न विचारला: या सगळ्यांचा उगम एकच आहे का? तिन्ही ठिकाणांच्या थाळ्या मातीने जवळजवळ सारख्या निघाल्या होत्या. बालीत किंवा श्रीलंकेत थाळीची नक्कल होत नव्हती. कुठून तरी एका भागातून ती सगळीकडे जात होती.

तो भाग शोधायचं काम पुण्यात झालं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाची पद्धत वापरली. तिची कल्पना सोपी आहे. स्फटिकात अणूंचे थर ठरावीक अंतरावर असतात. क्ष-किरण त्यांच्यावर टाकले, की ते ठरावीक कोनांतच जोर धरून परततात. भुकटीवर किरण टाकून कोन बदलत गेलं, की कागदावर शिखरांची रांग उमटते आणि प्रत्येक खनिजाची शिखरं त्याच्या त्याच्या जागी येतात. शिखरांच्या उंचीवरून कोणतं खनिज जास्त, कोणतं कमी हेही कळतं. खापरासाठी हे साधन विशेष चांगलं, कारण नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कणही त्यात पकडले जातात. गोगट्यांनी निरनिराळ्या ठिकाणांच्या चक्रांकित थाळ्या घेतल्या, त्याच ठिकाणची साधी स्थानिक भांडी घेतली आणि माती ताडून पाहिली. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: भारतातल्या आणि आग्नेय आशियातल्या या थाळ्या बंगालमधल्या चंद्रकेतुगड–तामलुक भागातून आल्या. तामलुक म्हणजे प्राचीन ताम्रलिप्ती, गंगेच्या मुखाजवळचं मोठं बंदर.

या निष्कर्षाने चित्र पूर्ण उलटं झालं. रोमन जगाकडून आलेली कला म्हणून जिच्याकडे पाहिलं, ती थाळी बंगालच्या गाळातून उभी राहिली होती आणि किनाऱ्या-किनाऱ्याने कोरोमंडल, श्रीलंका आणि समुद्रापार बालीला जात होती. जहाजं भरणारे, माल उतरवणारे आणि थाळीत जेवणारे लोक इथलेच होते. रोमन व्यापारी त्या जुन्या जाळ्यात नंतर सामील झाले. भारताच्या समुद्री इतिहासातली ही दुरुस्ती मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतून आली याचा अभिमानही वाटतो.

सगळ्यांनी मात्र बंगाल मान्य केला नाही. अनुराधपुरच्या उत्खननाशी संबंधित रॉबिन कॉनिंगहॅम यांच्यासह लिंडसे फोर्ड, मार्क पोलार्ड आणि बेन स्टर्न यांनी २००५ मध्ये थाळ्या आणि त्यांच्या जोडीच्या बारीक राखाडी भांड्यांचं रासायनिक विश्लेषण केलं. त्यांनी वापरलेल्या पद्धतीत खापर आम्लात विरघळवून द्रावण हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन वायूच्या ज्योतीत फवारतात आणि मूलद्रव्यं मोजतात. या भांड्यांची माती भूशास्त्रीयदृष्ट्या एकाच उगमाची, हा मुद्दा त्यांच्या आकड्यांनीही भक्कम झाला. पण तो उगम नेमका कोणत्या गावचा, हे सांगायला त्यांनी घाई केली नाही. २०१० साली पीटर मॅगी यांनी या थाळ्यांचं नातं रोमशी जोडण्याऐवजी भारतीय उपखंडातल्या जुन्या भांडीपरंपरेशी जोडावं, असा आग्रह धरला.

माझं मत असं. एक उगम ही गोष्ट आता मानायला हरकत नाही. बंगाल सगळ्यांत संभाव्य आहे. पण शेवटचा शब्द उच्चारायला गंगेपासून कावेरीपर्यंतच्या मुखांवरच्या मातीचे नमुने एकाच पद्धतीने, एकाच प्रयोगशाळेत मोजले जायला हवेत. तुलनेसाठी नमुनेच नसतील, तर सर्वांत जवळचा नमुना जिंकतो. तो खरा उगम असेलच असं नाही. या शास्त्राचा पाया असलेली अट हेच सांगते: दोन ठिकाणच्या मातीतला फरक एका ठिकाणच्या मातीतल्या आतल्या फरकापेक्षा मोठा असला पाहिजे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात शेकडो किलोमीटर गाळ एकसारखा असतो. तिथे ही अट भाग सांगते, गाव सांगत नाही.

आणखीही अडचणी आहेत. कुंभार दोन खाणींतली माती मिसळतो. तो राख किंवा घोड्याची लीद घालतो, वाळू चाळून काढतो, आणि प्रत्येक कृतीने मातीचा हिशेब बदलतो. खापर दोन हजार वर्षं जमिनीत पडलं, तर भूजलातलं कॅल्शियम, फॉस्फरस, बेरियम त्यात मुरतं. म्हणून समजूतदार अभ्यासक अशी चंचल मूलद्रव्यं बाजूला ठेवतात. संग्रहालयात हातात धरून काम करणारी क्ष-किरण प्रतिदीप्तीची यंत्रं आता आली आहेत आणि खापराला धक्का न लावता काही क्षणांत आकडे देतात. पण ती फक्त पृष्ठभाग वाचतात. लेप वाचला जातो आणि आतली माती राहून जाते. घाईने काढलेले असे आकडे मला धोकादायक वाटतात.

कुठे बनलं इतकंच नव्हे, तर कसं बनलं हेही खापर सांगतं. माती आव्यात तापते तेव्हा आधी ओल जाते, मग पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास चिकणखनिजांच्या आत बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. साडेसहाशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान चुनखडीचे कण विघटित होतात. साडेआठशेच्या पुढे इलाइट संपत जातं आणि माती कडांनी वितळू लागते. हजाराच्या पुढे नवी खनिजं जन्मतात. क्ष-किरण विवर्तनात कोणतं खनिज शिल्लक आहे आणि कोणतं गेलं हे पाहिलं, की आव्याचा ताप कळतो. रंग लोहाचा. हवा मुबलक असली की लोह ऑक्सिजन घेऊन लाल होतं, हवा कोंडली की राखाडी-काळं. चक्रांकित थाळ्यांची आतली बाजू बहुधा काळी आणि बाहेरची कधी लालसर-तपकिरी असते, कारण भट्टीत आतल्या बाजूला हवा कोंडलेली असे आणि बाहेरच्या बाजूला ती कधी पोचे. कोंडलेल्या हवेवर एवढा ताबा ठेवणारा कुंभार नवशिका नसतो. गंगेच्या खोऱ्यातली उत्तरेची काळी चकचकीत भांडी याच कौशल्यावर उभी होती, आणि थाळीची परंपरा तिकडे शोधावी असं वाटण्याचं हेही एक कारण आहे.

क्ष-किरणाने भांड्याचं छायाचित्र काढलं, तर मातीतली पोकळी दिसते. चाकावर ओढलेल्या भांड्यात ती तिरकी, वळसे घेत चढत जाते. वळ्या रचून केलेल्या भांड्यात वळ्यांच्या सांध्यांशी आडवी साचते. मातीच्या वळ्या रचून मग चाकावर गुळगुळीत केलेलं भांडंही अशाने उघड होतं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली आपली ताम्रपाषाणयुगीन लाल भांडी साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांच्या चाकावरच्या कामाची सफाई खापर हातात घेतलं तरी जाणवते. इनामगावच्या उत्खननात भांडी भाजायची गोल भट्टीही मिळाली. जोर्वे संस्कृतीची गावं गोदावरी, प्रवरा, भीमा अशा नद्यांवर पसरलेली होती, आणि बहुतेक नद्या बेसाल्टवरूनच वाहतात. त्यामुळे कोणतं भांडं कोणत्या गावचं हे वेगळं करणं बंगाल आणि तामिळनाडूच्या तुलनेपेक्षा कठीण आहे. कठीण आहे म्हणूनच ते करण्यासारखं आहे. आपल्या विद्यापीठांतल्या तरुण भूशास्त्रज्ञांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी या कामात हात घालावा.

त्यासाठी दोन गोष्टी लागतील. एक, नदीकाठांच्या मातीचे जपून ठेवलेले नमुने. वाळूउपसा आणि वीटभट्ट्यांनी जुने काठ वेगाने संपत आहेत. जो काठ जोर्व्याच्या कुंभाराने खणला, तो पुढच्या पिढीला पाहायला मिळेलच असं नाही. दुसरी गोष्ट वाचकांच्या हातात आहे. शेत नांगरताना, विहीर खणताना, पांढरीच्या टेकाडावर खापरं वर येतात. ती उचलून घरी नेऊ नका, धुऊ नका आणि रंगवून कपाटात ठेवू नका. जागेचं छायाचित्र काढा, खूण ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. कुठल्या थरातून निघालं हे माहीत नसलेल्या खापराची माती कितीही अचूक मोजली, तरी त्याचा काळ आणि त्याची सोबत परत मिळत नाही.